साखरेचा मूळपुरुष

भाऊसाहेबांच्या रक्तात साखर वाढली आहे, ही बातमी भाऊसाहेबांच्या आधी त्यांच्या कार्यालयाला कळली. यात कुणाचा चहाटळपणा नव्हता. सगळं नियमानुसार झालं. वार्षिक तपासणीचे अहवाल प्रयोगशाळेतून पाणीपुरवठा कार्यालयात आले, आवक-जावकच्या टेबलावर गेले आणि तिथल्या कारकुनाने नोंदवहीत तारीख घालून ‘विषय’ या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘अभिलेख कक्षाचे प्रमुख यांची साखर.’ मग ती वही ज्या ज्या टेबलावर सहीसाठी गेली, त्या त्या टेबलावर थोडी थोडी हळहळ झाली. दुपारी भाऊसाहेब चहाला वर गेले तेव्हा चहावाल्याने न विचारता बिनसाखरेचा कप पुढे केला. भाऊसाहेबांना वाटलं, साखर संपली असेल.

भाऊसाहेबांचं वय एकावन्न. तळघरातल्या अभिलेख कक्षात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती, आणि त्यातली शेवटची बारा एका चाकांच्या खुर्चीत. ही खुर्ची म्हणजे त्यांचा अभिमान. दर महिन्याच्या एक तारखेला ते चाकांना स्वतः तेल घालत. शहरातल्या कुठल्याही नळजोडणीचा कागद मागा, भाऊसाहेब टेबलाला पायाने हलका रेटा देत, खुर्ची सुर्रकन कपाटापाशी जाई, आणि तीन मिनिटांत कागद हातात. बूड न उचलता! नवे साहेब आले की त्यांना हे प्रात्यक्षिक दाखवण्यात येई. हा माणूस दिवसभरात किती पावलं चालतो, असा प्रश्न तोवर कुणाला पडला नव्हता.

तो पडला डॉक्टरीणबाईंना.

“तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक एक,” अहवाल बघत त्या म्हणाल्या. “अजून मधुमेह म्हणता येणार नाही. पण उंबरठ्यावर आहात.”

“उंबरठ्यावर म्हणजे आत की बाहेर?” भाऊसाहेबांनी विचारलं. त्यांना संदिग्ध नोंद खपत नसे.

“ते तुमच्यावर आहे. चालता किती?”

“स्कूटर आहे.”

“कार्यालय किती लांब?”

“अकरा मिनिटं. चालत.”

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, मग पोटाला टेप लावली आणि आकडा लिहून घेतला. तो भाऊसाहेबांना त्यांनी सांगितला नाही आणि भाऊसाहेबांनी विचारला नाही. शेवटी त्यांनी सहज विचारलं, “घरात कुणाला आहे का? आई, वडील, भावंडं?”

या एका प्रश्नाने भाऊसाहेबांना जीवदान मिळालं. इतका वेळ आपण आरोपी आहोत, असं त्यांना वाटत होतं; आता कळलं की आपण फक्त वारसदार असू शकतो.

जीवदान म्हणायचं कारण म्हणजे त्याच आठवड्यात निघालेलं परिपत्रक. ज्यांची साखर ठरावीक रेषेच्या वर आली आहे, त्या सर्व कर्मचाऱ्यांनी तीन महिने रोज सकाळी साडेसातला कार्यालयाच्या अंगणात व्यायामवर्गाला हजर राहावं. कुटुंबीयांनाही येण्याची मुभा आहे. वर्गाचा प्रमुख कोण? तर आवक-जावकचा कारकून! तोच तो, काडीसारखा, सकाळी सहा किलोमीटर पळून येणारा. भाऊसाहेबांपेक्षा सोळा वर्षांनी आणि चार श्रेणींनी लहान. त्याला कार्यालयाने शिट्टी दिली होती. शिट्टी मिळाल्यापासून तो ती गळ्यात घालूनच टेबलावर बसत असे.

भाऊसाहेबांनी डोळ्यासमोर चित्र आणून बघितलं. अंगण रस्त्याला लागून. कठडा कमरेएवढा. पलीकडे पाण्याची तक्रार घेऊन सकाळपासून रांग लावणारी जनता. आणि अलीकडे, शिट्टीच्या तालावर, सत्तावीस वर्षांची सेवा उड्या मारते आहे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पण परिपत्रक शेवटपर्यंत वाचणारा त्या कार्यालयात एकच माणूस होता, आणि तो भाऊसाहेब होता. परिच्छेद सात म्हणत होता, ज्यांच्या वाढीव साखरेचं कारण ‘जीवनशैली’ नसून ‘आनुवंशिक’ आहे, त्यांना पुराव्यासह नमुना तीन भरून दिल्यास वर्गातून माफी मिळेल. उड्या मारून खापरपणजोबा बदलता येत नाहीत, असा विचार वरच्या कुणीतरी केला असावा. ज्याने हा परिच्छेद लिहिला तो स्वतः चांगला गरगरीत असणार, याबद्दल भाऊसाहेबांना शंका नव्हती. त्यांनी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

नमुना तीन घेऊन ते पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथे दोन चौकोन होते. ‘आनुवंशिक’ आणि ‘जीवनशैलीजन्य’. कोणत्याही एकावर खूण करावी.

“एकावर कशी करू?” बाई म्हणाल्या. “दोन्ही असतं. आईवडिलांना असेल तर तुम्हाला होण्याची शक्यता वाढते, हे खरं. उतारावरचं घर मिळालं म्हणा. पण घरंगळायचं की नाही, ते बरंचसं आपल्या हातात असतं. वजन, बसून राहणं, खाणं, झोप, सगळं त्यात येतं.”

“पण चौकोन एकच भरायचा आहे.”

“चौकोन तुमच्या कार्यालयाने केलेत, शरीराने नाही.”

बरीच घासाघीस झाली. शेवटी बाई म्हणाल्या, “वडिलांना किंवा आईला मधुमेह होता असा कागद आणा, मी तसं लिहून देते. पण खाली ‘तथापि’ घालून दुसरी ओळ लिहीन. घरात मधुमेह असेल त्याने इतरांपेक्षा जास्त चालायला हवं.”

“लिहा की,” भाऊसाहेब उदारपणे म्हणाले. कार्यालयात ‘तथापि’च्या पुढचं कुणी वाचत नाही, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा अनुभव होता.

आता हवा होता तो कागद. भाऊसाहेबांनी घरी नवी फाइल उघडली. एका मोठ्या कागदावर त्यांनी वंशवृक्ष आखला. ज्याला साखर त्याच्या नावावर लाल टिंब, ज्याला नाही त्याच्यावर हिरवं, आणि ज्याच्याबद्दल माहिती नाही त्याला शिसपेन्सिलीचं प्रश्नचिन्ह. पहिल्या संध्याकाळी झाडावर फक्त प्रश्नचिन्हं लटकत होती.

“एवढा वेळ बागेत चालला असतात, तर साखर उतरली असती,” बायको म्हणाली.

“मुद्दा साखर उतरवण्याचा नाही. मुद्दा ती कुणाची आहे, याचा आहे.”

“तुमच्या रक्तात आहे म्हणजे तुमचीच ना?”

अशा बाळबोध प्रश्नांना भाऊसाहेब उत्तर देत नसत. बाजूच्या खोलीत त्यांची लेक कानाला हेडफोन लावून कुठल्यातरी कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत होती. वय बावीस, नोकरी घरबसल्या. सकाळी नऊला ती खुर्चीत बसे ती सहाला उठे, आणि मध्ये जे काही खाई ते पाकीट फोडूनच. “अगं, ऊठ जरा, पाय मोकळे कर,” असं भाऊसाहेब तिला रोज सांगत. सोफ्यावर आडवे पडून सांगत, ही गोष्ट वेगळी.

शेजाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. समोरचे विमा एजंट हिरवागार रस भरलेली बाटली घेऊन आले. “सात कडू पाल्यांचा आहे. रोज उपाशीपोटी घ्या. माझ्या साडूची साखर इतकी उतरली की तो चक्कर येऊन पडला!” ही शिफारस आहे की ताकीद, हे भाऊसाहेबांना कळलं नाही. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त खेळाच्या बाई म्हणाल्या, “सगळं मनावर असतं. ताण घेऊ नका,” आणि ताण न घेण्याचे चौदा प्रकार त्यांनी जिन्यात उभ्याने समजावून सांगितले. तेवढ्यात भाऊसाहेबांना इतका ताण आला, की घरी येऊन त्यांनी चार बिस्किटं खाल्ली. रस त्यांनी कुंडीत ओतला. पुढे ते रोप गेलं, पण ते आधीच आजारी होतं असं भाऊसाहेबांचं म्हणणं होतं.

रविवारी ते दादाकडे गेले. दादा त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा, वीज खात्यात मीटर वाचणारा. आईबाप तेच, रक्त तेच. दादाच्या नावावर लाल टिंब पडलं की निम्मं काम झालं, असा हिशेब होता.

“तुला साखर आहे का रे?” चपला काढता काढताच भाऊसाहेबांनी आशेने विचारलं.

“पंधरा वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाला होता, काठावर आहेस.”

“वा! मग?”

“मग काय? अजून काठावरच आहे.” दादाने कपाटातून अहवाल काढून दिला. गेल्याच महिन्यातला होता. आकडा पाच पूर्णांक आठ. भाऊसाहेबांचा चेहरा पडला.

“काही औषध?”

“छे! रोज जिने चढतो. निम्म्या इमारतींची लिफ्ट बंद असते, त्यांचे उपकारच म्हणायचे. मला बढती देऊन टेबलावर बसवत होते, आठवतं? नको म्हणालो.”

भाऊसाहेबांना चांगलंच आठवत होतं. तेव्हा दादाला त्यांनी खुळ्यात काढलं होतं. आणि दादा मात्र अहवाल वाचून घाबरला म्हणून जिन्यांवर टिकून राहिला होता. ही गोष्ट तेव्हा दादा बोलला नव्हता. भाऊसाहेबांना क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. पण पुरावा प्रतिकूल होता, हे त्याहून वाईट. एकाच रक्ताचा माणूस काठावर पंधरा वर्षं उभा राहू शकतो, असं आस्थापना विभागाला कळलं तर चौकोन दुसराच भरला जायचा. बरं, कागद फाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी दादाचा अहवाल फाइलला लावला, पण ‘पान अकरा अ’ म्हणून, दोन कोऱ्या पानांच्या मध्ये.

मग राहिली आत्या. वडिलांची धाकटी बहीण, वय ब्याऐंशी, तळमजल्यावर रस्त्याकडच्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेणारी. तिला साखर असणार हे सगळ्या घराण्याला ठाऊक होतं. फक्त आत्याला मान्य नव्हतं.

“मला? साखर?” आत्या कडाडली. “अरे, आपल्या घराण्यात असलं काही नाही! असेल तर तुझ्या आईकडचं.”

“मग या गोळ्या कसल्या?” खिडकीत औषधाची पट्टी होती.

“त्या ताकदीच्या.”

“आत्या, यावर ‘मधुमेह’ लिहिलंय.”

“औषधवाल्याने चुकून दिल्या असतील. तीन वर्षं चुकतोय मेला.”

भाऊसाहेबांनी समजूत घातली, विनवलं, शेवटी नमुना तीन काढून परिच्छेद सात मोठ्याने वाचून दाखवला. आत्याला त्यातलं काही कळलं नाही, पण भाच्याला भरचौकात उड्या मारायला लावणार आहेत एवढं कळलं, आणि तिचा जीव कळवळला. तिने कपाटातून एक जुनी पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात भाऊसाहेबांच्या वडिलांचा फोटो होता, पेन होतं, आणि घडी घालून पिवळा पडलेला रुग्णालयाचा कागद होता.

वडील टंकलेखक होते. शेवटची दोन वर्षं त्यांचा उजवा पाय बरा होत नव्हता. घरात सगळे म्हणत, नवा बूट चावला. भाऊसाहेबही तेच म्हणत आले होते. कागदावर मात्र शाईने स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘दीर्घकालीन मधुमेह. पायाची जखम.’ खाली सही, शिक्का, तारीख. सगळं जागच्या जागी.

भाऊसाहेबांनी उडी मारली. अक्षरशः मारली, जमिनीपासून चांगलं वीतभर वर गेले. कित्येक वर्षांतला त्यांचा हा पहिलाच व्यायाम.

“बापाला साखर होती म्हणून उड्या मारणारा मुलगा आज बघितला,” आत्या म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

भाऊसाहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला. कागदाची घडी घालताना त्यांना तो पाय आठवला, पांढऱ्या पट्टीतला, स्टुलावर ठेवलेला. पण घडी घालून झाली आणि कागद फाइलमध्ये गेला, की भाऊसाहेबांना माणूस आठवत नसे, पान क्रमांक आठवे. हा कागद पान एकवर गेला.

डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला, ‘तथापि’सकट. सोमवारी भाऊसाहेब शिवलेली, क्रमांक घातलेली, अनुक्रमणिका जोडलेली फाइल घेऊन आस्थापना विभागाच्या खिडकीशी उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी ती चाळली. वडिलांच्या कागदावर मान हलवली, वंशवृक्ष उलटा धरून बघितला, पान अकरा अ ओलांडून गेल्या. भाऊसाहेबांनी श्वास सोडला.

“रकाना नऊ रिकामा आहे,” बाई म्हणाल्या.

“कोणता?”

“अपत्यं. नाव, वय, आणि धोक्याचा स्रोत.”

“त्यांचा काय संबंध? साखर माझी आहे!”

“आनुवंशिक म्हणताय ना? मग पुढे जाणारच. रिकामा रकाना चालत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं, भाऊसाहेब?”

खरंच काय सांगायचं! सत्तावीस वर्षं याच एका वाक्यावर त्यांनी लोकांना तळघरातून परत पाठवलं होतं. त्यांनी बाकावर बसून पेन काढलं. आधी ‘निरंक’ लिहावं असं मनात आलं, पण ते खोटं झालं असतं. ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहावं, तर उद्भवत होता. शेवटी त्यांनी लेकीचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि धोक्याचा स्रोत या शब्दांपुढे, वळणदार अक्षरात, ‘वडील’ असं लिहिलं. वंशवृक्षावरही स्वतःच्या नावाखाली रेघ ओढून लेकीचं नाव जोडावं लागलं, आणि ते जोडायला हातात लालच पेन होतं.

बाईंनी शिक्का मारला. ‘आनुवंशिक. माफी मंजूर.’ मूळ नमुना ठेवून घेऊन त्यांनी शिक्क्याची प्रत आणि फाइल परत दिली.

हा विजय साजरा करायला भाऊसाहेब येताना केक घेऊन आले, यावरून त्यांना मिळालेल्या सगळ्या उपदेशाचा काय उपयोग झाला होता ते दिसतं. बायकोने केककडे बघितलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. लेक मात्र हेडफोन उतरवून खुर्चीसकट सरकत बाहेर आली. बूड न उचलता, पायाने फरशीला रेटा देत. हे सरकणं भाऊसाहेबांनी आजवर रोज बघितलं होतं. आज त्यांनी ते पहिल्यांदा नीट बघितलं.

तिने माफीची प्रत वाचली. वंशवृक्षावर बोट ठेवून ती आजोबांपासून खाली खाली आली आणि आपल्या नावावर थांबली.

“अरे वा, मी पण आहे की! धोक्याचा स्रोत, वडील.” ती हसली. “म्हणजे माझं ठरलेलंच आहे. शिक्का पण आहे! आई, ऐकलंस का? आता चालायला जा म्हणून माझ्या मागे लागू नकोस. मला माफी आहे.”

“ते कागदापुरतं आहे गं,” भाऊसाहेब म्हणाले.

“तुमच्या कागदात चूक असते का कधी, बाबा?” तिने केकचा तुकडा उचलला आणि खुर्ची सरकवत परत आपल्या खोलीत गेली.

ती चेष्टा करत होती. तरी भाऊसाहेबांना वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं; त्याला चौकोन नव्हता की परिच्छेद नव्हता. इतके दिवस ते वर बघत होते, बापाकडे, आज्याकडे, कुणाच्या तरी डोक्यावर हे घालता येतं का ते शोधत. आता त्यांच्या खाली कुणीतरी होतं, आणि ते वर बघत होतं, त्यांच्याकडे. त्यांनी फाइल उघडून पान अकरा अ काढलं. पाच पूर्णांक आठ. मग उठून लेकीच्या खोलीत गेले, आणि त्यांनी तिच्या खुर्चीची पाठ धरली.

“सकाळी सातला तयार राहा.”

“कशाला?”

“सांगतोय म्हणून.”

दुसऱ्या दिवशी साडेसातला अंगणात सात जण होते. कठड्यापलीकडे रांग होती आणि ती अपेक्षेप्रमाणे मन लावून बघत होती. आवक-जावकच्या कारकुनाने हजेरीचा कागद दोनदा तपासला. भाऊसाहेब मागच्या रांगेत उभे होते, कार्यालयात घालायच्याच शर्टात, आणि शर्ट पोटावर ताणलेला होता. शेजारी लेक, डोळे अर्धे मिटलेले, तोंड एवढं मोठं फुगलेलं.

“भाऊसाहेब, तुमचं नाव नाही यात,” कारकून हळूच म्हणाला. “तुम्हाला माफी आहे ना?”

“मला आहे,” भाऊसाहेब म्हणाले. “तिला नाही.”

कारकुनाने एकदा बापाकडे बघितलं, एकदा लेकीकडे. बाजूला होऊन त्याने हजेरीच्या तळाला दोन नावं लिहिली. मग शिट्टी तोंडात धरली.

पहिल्याच उडीला भाऊसाहेबांच्या शर्टाचं बटण उडालं आणि रांगेतून कुणीतरी मोठ्याने हसलं. ते कोण हसलं, हे बघायला भाऊसाहेबांनी मान वळवली नाही. ते शेजारी बघत होते. लेक अजून उभीच होती.

“मार,” ते धापा टाकत म्हणाले. “मार गं.”